आइसलँडचे लपलेले शेजारी आणि माझे एल्फ

आधी थोडं मागचं सांगते. आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, सहा वर्षं आम्ही एकाच काल्पनिक जगात रोलप्लेइंग गेम (प्रत्येकाने एकेक पात्र होऊन मिळून गोष्ट पुढे न्यायची) खेळतोय आणि ते जग रचायचं काम माझ्याकडे असतं. त्यात माणसं आहेत, राक्षस आहेत, समुद्राखाली दोन राज्यं आहेत आणि एल्फ आहेत. सगळ्यात एल्फच तेवढे कधी जिवंत वाटले नाहीत. उंच, सडपातळ, टोकदार कान, हजार वर्षं आयुष्य, जंगलात राहणार आणि माणसांकडे बघून नाक मुरडणार. खेळताना त्यांच्या गावात जायला कुणीच मागत नाही, कारण तिथे सगळं आधीच परफेक्ट असतं, कुणाचं काही अडलेलं नसतं, मग आपण जाऊन करायचं काय? म्हणून यावेळी ठरवलं की जिथे लोक एल्फांना शेजारी म्हणून ओळखतात तिथे जाऊन ती जागा बघायची. दादाला गाडी चालवायची हौस, मला वहीत लिहायची, जूनमधले सात दिवस काढले आणि आइसलँडला गेलो.

दिवस पहिला, रेक्याविक आणि कोपावोगुर

विमानतळ केफ्लाविकला, तिथून रेक्याविक साधारण 50 किलोमीटर आणि बराचसा रस्ता काळ्या लाव्ह्यातून जातो, वर करडं-हिरवं शेवाळ, झाड जवळजवळ नाहीच. माझ्या डोक्यातले एल्फ जंगलातले आणि इथे जंगलच नाही! म्हणजे पहिल्या तासातच एक गोष्ट कळली, की इथल्या लोकांनी ज्यांना मानलं ते झाडांतले नव्हतेच, ते दगडातले.

दुपारी कोपावोगुरला गेलो, ते राजधानीला चिकटूनच आहे. तिथे एका रस्त्याचं नाव आउल्फहोल्सवेगुर, म्हणजे एल्फांच्या टेकडीचा रस्ता. साधा वस्तीतला रस्ता, घरं, पार्क केलेल्या गाड्या, आणि एका ठिकाणी तो अरुंद होतो कारण बाजूला एक खडकाळ उंचवटा आहे आणि त्याला हात न लावता रस्ता पुढे नेलाय. दादा गाडीतून उतरून बराच वेळ बघत राहिला. "एवढ्याशा दगडासाठी?" म्हणाला. मी म्हटलं, "अरे दगडासाठी नाही, आत राहतात त्यांच्यासाठी."

इथला शब्द आहे हुल्दुफोल्क, म्हणजे लपलेली माणसं. आउल्फुर हा जुना शब्दही चालतो आणि लोककथांमध्ये दोन्ही बहुतेक एकाच अर्थाने येतात. सोव्हेनियरच्या दुकानात टोकदार टोपीवाले चिमुकले बाहुले मिळतात ते यांचं रूप नव्हे, कथांमधले हुल्दुफोल्क माणसाएवढेच असतात, कपडे मात्र आपल्यापेक्षा चांगले. ते लपलेले का, याची एक गोष्ट मला फार आवडते. देव हव्वेकडे, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या आईकडे, पाहुणा म्हणून येणार होता, तिची काही मुलं न्हाऊन झाली होती आणि काही व्हायची होती, तिला लाज वाटली म्हणून तिने न धुतलेली मुलं लपवली आणि देवाला म्हणाली एवढीच आहेत. देव म्हणाला, जे माझ्यापासून लपवलंस ते माणसांपासून लपलेलंच राहील. त्या मुलांचे वंशज म्हणजे हे लोक.

बघा ना, म्हणजे ते परके नाहीत, आपलीच भावंडं आहेत, एकाच आईची. रात्री (रात्र म्हणायची, उजेड होताच) वहीत पहिल्या पानावर एवढंच लिहिलं, "एल्फ आणि माणूस: सख्खे."

दिवस दुसरा, हाफ्नारफ्योर्दुर आणि गाउल्गाह्रोयन

हाफ्नारफ्योर्दुर हे बंदराचं गाव रेक्याविकपासून दहाएक किलोमीटर, अख्खं गाव लाव्ह्यावर बसलंय. कुणाच्या अंगणात घराएवढा खडक, कुठे कुंपण खडकाला वळसा घालून गेलेलं. हेलिसगेर्दी नावाची बाग आहे, 1923 पासूनची, लाव्ह्याच्या घळींमध्येच झाडं लावलीयत आणि पायवाटा इतक्या वाकड्या की दहा पावलांपुढचं दिसत नाही. गावातच हामारिन नावाचा कडा आहे, त्यात एल्फांचं राजघराणं राहतं असं सांगतात. मला वाटलं होतं राजघराणं म्हणजे उंच शिखर वगैरे असेल, पण हा कडा घरांच्या मधोमध! राजा रोज सकाळी खाली बघणार तर खाली शाळेत जाणारी पोरं.

दुपारनंतर गाउल्गाह्रोयन. हा लाव्ह्याचा पट्टा आउल्फ्तानेसच्या वाटेवर आहे. इथून नवीन रस्ता न्यायचा होता आणि 2013 मध्ये लोक बुलडोझरसमोर बसले, पोलिसांनी उचलून नेलं, प्रकरण कोर्टात गेलं. बाहेरच्या जगात बातमी अशी पोचली की एल्फांसाठी रस्ता अडवला, पण ते अर्धंच खरं आहे. मुख्य भांडण लाव्हा वाचवण्याचं होतं, हा तोच लाव्हा जिथे बसून चित्रकार क्यारवालने कितीतरी चित्रं काढली, आणि त्यातच एक खडक होता जो एल्फांचं चर्च मानला जातो. रस्ता शेवटी झाला, पण तो साधारण 70 टनांचा खडक 2015 मध्ये क्रेनने उचलून बाजूला नीट नेऊन ठेवला. मला यातलं "नीट" महत्त्वाचं वाटतं. फोडून टाकणं सोपं होतं.

आम्ही पायवाट सोडली नाही. शेवाळावर पाय देऊ नका असं इथे ठिकठिकाणी लिहिलेलं असतं कारण एकदा तुडवलं की भरून यायला कित्येक वर्षं लागतात. मी तिथे अर्धा तास बसले आणि लक्षात आलं की एल्फ न मानणाऱ्या माणसालाही या जागेत तसंच वागावं लागतं जसं मानणारा वागेल, म्हणजे हळू चालायचं, दगड भिरकवायचा नाही, उगाच काही हलवायचं नाही. माझ्या जगात एल्फांच्या संस्कृतीवर मी चार पानं लिहिली होती, भाषा, लिपी, नृत्य, सगळं. पण त्यांच्या शेजारी राहणारी माणसं कशी वागतात यावर एक ओळ नव्हती. संस्कृती तिथेच तर दिसते.

दिवस तिसरा, थिंगवेत्लिर, रेकहोल्ट

थिंगवेत्लिरला गर्दी होती, फार थांबलो नाही. 930 साली इथे अल्थिंग ही सभा सुरू झाली आणि साधारण 1000 साली इथेच सगळ्यांनी ख्रिस्ती व्हायचं ठरवलं, ते डोक्यात ठेवायचं कारण पुढे एल्फांची चर्चं येतात.

रेकहोल्टला मात्र जायचंच होतं. इथे जुन्या देवांच्या कथा लिहून ठेवणारा लेखक स्नोर्री स्तुर्लुसोन राहायचा, 1241 मध्ये त्याला इथेच मारलं. त्याचं गरम पाण्याचं गोल कुंड अजून आहे, साधारण चार मीटर रुंद, दगडांनी बांधलेलं, वाफ येत असते. आज जगभर गोरे एल्फ आणि काळे एल्फ अशी जी विभागणी चालते ती 1220 च्या आसपास स्नोर्रीने लिहिलेल्या एड्डा या पुस्तकात आहे, प्रकाशाचे एल्फ सूर्यापेक्षा देखणे आणि आउल्फहेमला, म्हणजे एल्फांच्या जगात, राहणारे, अंधाराचे एल्फ जमिनीखाली आणि डांबरापेक्षा काळे. पण त्याहून जुन्या कवितांमध्ये असे दोन गट स्पष्ट दिसत नाहीत. तिथे एल्फ देवांच्या सोबत येतात, आणि आउल्फहेम हे फ्रेयर देवाला त्याचा पहिला दात आला तेव्हा भेट म्हणून मिळालेलं असतं! अख्खं राज्य, दाताच्या भेटीत. मी त्या कुंडाजवळ उभी राहून ठरवलं की आपल्या जगातले गोरे आणि काळे एल्फ बंद. रंगावरून चांगला-वाईट ठरवणं मला आधीपासून खटकत होतंच, फक्त परंपरा आहे म्हणून चालू ठेवलं होतं.

स्नोर्रीच्या दोनशे वर्षं आधीची अजून एक नोंद. सिग्वात नावाचा कवी साधारण 1018 मध्ये स्वीडनमधून प्रवास करत होता, संध्याकाळी एका घराचं दार ठोठावलं तर बाई म्हणाली आत येऊ नकोस, आत एल्फांसाठीचा विधी चालू आहे. तो पुढच्या घरी गेला, तिथेही तसंच. आत काय चाललं होतं हे त्याला कळलं नाही आणि म्हणून आपल्यालाही कळत नाही. त्या बंद दाराएवढं चांगलं वर्णन दुसरं नसेल.

दिवस चौथा, हेल्गाफेल आणि तुंगुस्तापी

हा दिवस सगळ्यात भारी. सकाळी स्नाइफेल्सनेसच्या उत्तर बाजूला हेल्गाफेल, 73 मीटरची टेकडी. पायथ्याशी सागांमधल्या, म्हणजे आइसलँडच्या जुन्या गद्यकथांमधल्या, गुद्रुन ओस्वीफुर्सदोत्तिर या बाईची कबर आहे, तिथून निघायचं, मागे बघायचं नाही, एक शब्द बोलायचा नाही आणि वर गेलं की पूर्वेला तोंड करून तीन इच्छा मागायच्या, त्या चांगल्याच असाव्यात आणि कुणाला सांगायच्या नाहीत. दादा एरवी दोन मिनिटं गप्प बसत नाही, पण वर पोचेपर्यंत खरंच एक शब्द बोलला नाही.

या टेकडीबद्दलच सागेत सांगितलंय की थोरोल्फुर नावाच्या पहिल्या वसाहतवाल्याने हा परिसर इतका पवित्र मानला की न धुतलेल्या तोंडाने टेकडीकडे बघायचं नाही आणि इथल्या जमिनीवर परसाकडे बसायचं नाही, त्यासाठी समुद्रातला एक खडक वेगळा नेमला होता. आणि परसाकडे जाण्यासाठी जो शब्द तिथे येतो, आउल्फ्रेक, त्याचा अर्थच "एल्फांना हाकलणं"! घाण केली की एल्फ निघून जातात. कितीतरी भव्य वर्णनांपेक्षा हा एक शब्द मला जास्त सांगून गेला, कारण इथे एल्फ म्हणजे जागेचं पावित्र्यच, ते कुणी मारून संपत नाहीत, आपण घाणेरडे वागलो की उठून जातात. आमच्या गेममध्ये एल्फांशी युद्धं झालीयत, तीन वेळा. आता होणार नाहीत. ते फक्त निघून जातील आणि मग विहीर आटेल, दूध नासेल, लोकांना कळणारही नाही की काय गेलं.

तिथून कच्च्या रस्त्याने डालीर भागात, साइलिंग्सदालुर खोऱ्यात तुंगुस्तापी. गवताने झाकलेला एकुलता खडकाळ उंचवटा, आजूबाजूला मेंढ्या, दुसरं कुणी नाही. हे एल्फांचं कॅथेड्रल, इथे त्यांचा बिशप राहतो. गोष्ट अशी, की जवळच्या शेतावर दोन भाऊ होते, आर्नोर आणि स्वेन. स्वेनला या टेकडीची ओढ, आर्नोर त्याला हसायचा. वर्षाच्या शेवटच्या रात्री स्वेन हरवला, आर्नोर शोधत आला तर टेकडी उघडलेली, आत दिवे, गाणं, आणि स्वेन वेदीपुढे गुडघ्यावर. आर्नोरने हाक मारली, स्वेन वळला आणि तेवढ्यात दारं बंद झाली. स्वेन परत आला पण पुन्हा कधी पहिल्यासारखा झाला नाही, हेल्गाफेलच्या मठात गेला, आणि तिथे असं गायचा की तसं कुणी ऐकलं नव्हतं. पुढे एका ईस्टरला तो घरच्या चर्चमध्ये आला, चर्चचं दार उघडलं तर समोर सरळ रेषेत टेकडीचंही दार उघडलेलं, आतला बिशप दिसला, आणि स्वेन तिथेच मेला.

सकाळी आम्ही हेल्गाफेलला होतो जिथे स्वेन गायचा आणि संध्याकाळी जिथून तो गाणं शिकून गेला तिथे. मी जवळजवळ रडले. समोरासमोर दोन चर्चं, दोन बिशप, एकाच ईस्टरची प्रार्थना, आणि मध्ये फक्त एक दार. इथले एल्फ माणसांबरोबर ख्रिस्ती झाले हो, वेगळा धर्म, वेगळी भाषा असं काहीच नाही. फरक इतका कमी आणि तरी ओलांडलात की जीव जातो.

दिवस पाचवा, ग्लाउमबाएर, सिग्लुफ्योर्दुर

बराच वेळ गाडीत. स्कागाफ्योर्दुरमध्ये ग्लाउमबाएरला जुनं शेतघर जपून ठेवलंय. भिंती मातीच्या, म्हणजे गवताच्या मुळांसकट कापलेल्या ढेपांच्या, एकावर एक रचलेल्या, छपरावर गवत वाढलेलं. आत एक लांब अंधारा बोळ आणि त्याला जोडलेल्या खोल्या, शेवटी बाद्स्तोफा, जिथे सगळं घर एकत्र झोपायचं, बसायचं, लोकर विंचरायचं आणि हिवाळ्याच्या रात्री कुणीतरी मोठ्याने वाचायचं. बहुतेक एल्फकथा अशाच खोल्यांमध्ये सांगितल्या गेल्या असणार. योन आर्नासोनने त्या गोळा करून 1862 ते 1864 मध्ये छापल्या.

पण मला जे सुचलं ते बाहेर आल्यावर, वाटेवरून मागे वळून बघितलं तेव्हा. मागून ते घर नाहीच दिसत! हिरवे उंचवटे दिसतात, बस. पुढून लाकडी दर्शनी भिंती आणि दारं, मागून टेकडी. म्हणजे शेकडो वर्षं इथला माणूस स्वतःच टेकडीत राहत होता, धुक्यात घरी येताना त्याला आपलं घर गवताच्या उंचवट्यासारखंच दिसत असणार आणि त्यातून दिव्याची तिरीप. मग पलीकडच्या उंचवट्यातही कुणीतरी असेल, त्यांच्याही गाई असतील, त्यांचंही गवत कापायचं राहिलं असेल, हे वाटण्यासाठी कल्पनाशक्ती ताणायला लागत नाही. एकेका शेतावर दोन-चार माणसं, पुढचं घर कितीतरी लांब, तिथे शेजारी असणं ही केवढी मोठी गोष्ट. तिथेच कुंपणाला टेकून माझ्या एल्फांना नवीन नाव दिलं, कातळकर. एखाद्या गावच्या माणसांसारखं नाव.

सिग्लुफ्योर्दुरला रात्री दहाला पोचलो, ऊन होतं. इथे 2015 मध्ये दरड कोसळली, रस्ता साफ करताना मलबा एका एल्फबाईच्या खडकावर टाकला गेला, आणि मग एकामागून एक अडचणी, रस्त्यावर पाणी, माणसाला इजा, मशीन बंद. शेवटी 2016 मध्ये रस्ते खात्याने तो खडक उकरून काढला आणि पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन दिला. दादा म्हणाला, "चूक झाली तर धुऊन द्यायचं, बरोबर आहे की." वहीत लिहिलं: कातळकरांचा राग सूडाने नाही, दुरुस्तीने जातो.

दिवस सहावा, आउस्बिर्गी

पाऊस. आउस्बिर्गी ही घोड्याच्या नालासारखी दरी, साधारण साडेतीन किलोमीटर लांब, कडे 100 मीटरपर्यंत. जुन्या देवांचा राजा ओदिन, त्याच्या आठ पायांच्या घोड्याचा एक पाय इथे टेकला म्हणतात, भूगर्भवाले सांगतात हिमनदीच्या प्रचंड पुरांनी कोरली, आणि हीच लपलेल्या लोकांची राजधानी. आत बर्चची झाडं, तळाशी छोटं तळं. सुंदर आहे, पण मला राजधानीपेक्षा तुंगुस्तापीच्या मेंढ्या जास्त आठवत होत्या.

संध्याकाळी गेस्टहाउसवर दादाला फुसीची गोष्ट सांगितली. वर्षाच्या शेवटी चौरस्त्यावर रात्रभर बसलं तर एल्फ येऊन सोनं, कपडे, एकेक वस्तू पुढे करतात, पहाटेपर्यंत गप्प राहिलं तर सगळं आपलं, बोललं की गेलं. फुसीने सगळं नाकारलं, मग एकीने गरम चरबी पुढे केली, ती त्याची आवडती, आणि तो म्हणाला चरबीला मी क्वचितच नाही म्हटलंय. संपलं, आणि फुसीचं डोकं फिरलं ते कायमचं. त्याच दिवसांत एल्फ घरं बदलतात असंही मानायचे, तेव्हा घरातली बाई दिवे लावून घराभोवती फिरायची आणि म्हणायची, यायचं त्यांनी यावं, जायचं त्यांनी जावं, मला आणि माझ्या माणसांना त्रास न देता. किती नीट बोलणं आहे ते. हाकलणंही नाही, बोलावणंही नाही. आमच्या गेममध्ये एल्फांना दूर ठेवायचे मंत्र होते, ते सगळे काढून टाकले आणि हे एक वाक्य ठेवलं.

दिवस सातवा, बोर्गारफ्योर्दुर एस्त्री

खूप लांबचा टप्पा, पण इथेच संपवायचं होतं. एगिल्सस्तादिरपासून 70 किलोमीटर, घाट चढून धुक्यातून खाली उतरलं की समुद्र आणि शंभरेक वस्तीचं बाक्कागेर्दी. गावाला लागून आउल्फाबोर्ग, एल्फांच्या राणीचा खडक, याच्यावरूनच इथल्या फ्योर्डला, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीला, नाव पडलं असं म्हणतात. वर जायला दहा मिनिटं लागतात. मी चढले, दादा खालीच थांबला, म्हणाला कुणाच्या घराच्या छपरावर न विचारता चढायचं मला बरं नाही वाटत. हे तो सातव्या दिवशी बोलला, पहिल्या दिवशी एवढ्याशा दगडासाठी म्हणणारा.

खाली छोटं चर्च आहे, त्यात क्यारवालने 1914 मध्ये काढलेलं चित्र. तो याच भागात वाढला. चित्रात येशू डोंगरावर उपदेश करतोय, पण डोंगर कुठला तर आउल्फाबोर्ग, आणि मागे इथलीच दिर्फ्योल शिखरं. चित्रातून नजर काढून बाहेर आलं की समोर तोच खडक. आम्ही आत-बाहेर तीनदा केलं.

शेवटची रात्र वही घेऊन बसले. आधी "आयुष्य: हजार वर्षं" ही ओळ खोडली. कथांमध्ये हे लोक जन्मतात, आजारी पडतात, मरतात, आणि बाळंतपणात अडतात. ते अडले की माणसाकडे येतात, कारण माणसाचा हात लागल्याशिवाय ती बाई सुटत नाही. सुईणीला रात्री न्यायला येतात, बाळाच्या डोळ्याला लावायला मलम देतात, तिने ते चुकून स्वतःच्या एका डोळ्याला लावलं की तिला सगळे लपलेले दिसायला लागतात, बाजारातसुद्धा, आणि ती ओळख दाखवते तेव्हा ती दृष्टी काढून घेतली जाते. मदत करायची, पण पाहिलेलं बोलून दाखवायचं नाही. सहा वर्षं मी शोधत होते की माझ्या एल्फांना माणसांची गरज कशाला पडेल, तर ही गोष्ट इतकी जुनी आणि इतकी साधी.

पुढच्या सेशनची सुरुवात लिहून झालीये, ग्रुपला अजून दाखवली नाही. रात्र आहे, पाऊस आहे. दारावर थाप पडते. बाहेर करड्या कपड्यातला एक माणूस, पलीकडच्या कातळातून आलोय म्हणतो, हातातला कंदील थरथरतोय. त्याची बायको दोन दिवस अडलीये.